आधी तुमचं करून घ्या

"खोक," मी म्हणालो.

बबन खोकला नाही. छाती फुगवून, लंगोट आवळून, समोरच्या भिंतीकडे बघत उभा राहिला.

"अरे, खोक की जरा. मोठ्यानं."

"खोकला न्हाई मला, डाक्तर. सर्दीबी न्हाई."

पन्नास सालानंतरची ही गोष्ट आहे. पिंपरीच्या माळावर तेव्हा नवे कारखाने उभे राहत होते आणि त्यातल्या एका कारखान्याचा मी डॉक्टर होतो. भरतीच्या दिवशी चाळीस-पन्नास माणसांची मेडिकल असायची. वजन, डोळे, छाती, आणि शेवटी खोकणं. 'डाक्तर खोकायला लावतो आणि खोकला की नोकरी जाते,' ही बातमी रांगेत माझ्याआधी पोचलेली असायची.

खोकायला लावण्याचं कारण साधं आहे. खोकताना पोटात दाब वाढतो. पोटाच्या भिंतीत जांघेजवळची जागा मुळातच नाजूक असते. ती सैल पडली असेल तर आतडं तिथून बाहेर डोकावतं आणि हाताला फुगवटा लागतो. यालाच हर्निया म्हणायचं. गावाकडे अंतर्गळ म्हणतात. आडवं झालं की फुगवटा आत जातो, म्हणून माणसाला वाटतं, बरं झालं.

बबनला लंगोट सोडायला लावला. शेवटी खोकला बिचारा. उजव्या जांघेत लिंबाएवढा फुगवटा आला. तालमीत घुमणारा तेवीस वर्षांचा गडी, पण त्याचं तोंड एवढंसं झालं.

"लिहू नका, डाक्तर. लोडिंगचं काम हाय, मी दोघांचं करीन."

दोघांचं काम केलं असतं म्हणूनच तर लिहायला हवं होतं. बबन चिखलीचा. त्यांचा पिंपरीकडचा मळा कारखान्यासाठी घेतला गेला होता आणि बदल्यात घरटी एक नोकरी कबूल झाली होती. घरात कमावता मुलगा हा एकच. हा अनफिट ठरला, तर मळाही गेला आणि नोकरीही.

मी लेबर ऑफिसरकडे गेलो.

"डॉक्टर, फॉर्मवर दोनच रकाने आहेत. फिट आणि अनफिट."

"ऑपरेशन झालं की फिट होईल."

"कधी?"

"तीन महिने द्या."

"दिले. एक्क्याण्णवाव्या दिवशी लिस्टमधलं पुढचं नाव घेणार. मग माझ्याकडे येऊ नका."

दुसऱ्या दिवशी सायकल काढली आणि चिखलीला गेलो. बबनचे वडील, केरबा, ओट्यावर बसले होते. चाकणच्या बाजारात बैल घ्यायचा झाला की पंचक्रोशीतली माणसं केरबांना बरोबर नेत. ते बैलाला हात लावत नसत. चार पावलं चालवायला सांगत आणि 'घ्या' किंवा 'ऱ्हाऊ द्या' म्हणत.

मी माझं भाषण सुरू केलं. ते मला तोंडपाठ होतं.

"केरबा, सायकलचा टायर एका जागी झिजला की आतली ट्यूब तिथून फुगते. वरून दोरी आवळून बांधली तर चार दिवस चालतं. पण एक दिवस भर रस्त्यात ट्यूब फुटणारच. बबनचं तेच झालंय. लंगोट म्हणजे ती दोरी. ऑपरेशन म्हणजे ट्यूब आत सारायची आणि टायर शिवून घट्ट करायचा."

"कापायचं कुठं?"

"जांघेवर, बोटभर लांब. पाठीत एक इंजेक्शन देतात, कमरेखालचं बधिर होतं. माणूस जागाच असतो. काही दुखत नाही."

"मूलबाळ हुईल न्हवं त्याला?"

"त्याचा याच्याशी काही संबंध नाही. काही होत नाही हो. दहा दिवसांत घरी."

केरबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "एवढं सोपं हाय, तर मंग तुमी का न्हाई केलं?"

"मी?"

"डाव्या अंगाचं. मगाशी सायकलवरनं उतरताना तुमी जांघेला हात दिला. काल पोरासंगं मी कारखान्याच्या फाटकापाशी हुतो, तुमी शिंकला, तवाबी दिला. पाऊलबी जपून टाकता."

खरं होतं ते. तीन वर्षं मी पँटच्या आत चामड्याचा पट्टा बांधून हिंडत होतो. कारखान्यात कुणाला पत्ता नव्हता. भरतीच्या दिवशी चाळीस माणसांना मी खोकायला लावत होतो आणि स्वतःला खोकला आला की भिंतीकडे तोंड करून जांघ दाबत होतो.

"पट्टा बांधतो मी," मी म्हणालो.

"म्हंजी दोरीच की."

आत बायका हसल्या. केरबा हसले नाहीत.

"सायेब, राग मानू नका. आधी तुमचं करून घ्या. मंग माझ्या पोराला हात लावा."

राग तर आलाच. परतीच्या वाटेवर मी मनातल्या मनात केरबांना बरंच सुनावलं. यांच्या भल्यासाठी मी चार मैल सायकल मारत आलो आणि हे माझीच मेडिकल करतात! सरळ अनफिट लिहून मोकळं व्हावं, कुणी मला बोल लावणार नाही, असंही मनात येऊन गेलं.

पण खरं कारण वेगळं होतं. मी घाबरत होतो. शिकत असताना एका हर्नियाच्या ऑपरेशनला क्लोरोफॉर्मचा मास्क मी धरला होता. चांगला दणकट माणूस होता, मला 'नमस्कार' म्हणून टेबलावर आडवा झाला. पाच मिनिटांत त्याचा श्वास थांबला आणि परत आलाच नाही. आता पाठीतलं इंजेक्शन आलंय, धोका फार कमी झालाय, हे सगळं मी रोज लोकांना सांगत होतो. स्वतःला मात्र पटवता येत नव्हतं.

पंधरा-सोळा दिवस असेच गेले. मग एका दुपारी केरबांची बैलगाडी दवाखान्याच्या दारात येऊन थांबली. गाडीत बबन पोट धरून कण्हत होता. पोतं उचलताना फुगवटा बाहेर आला होता आणि आत जाईना. दोनदा उलटीही झाली होती.

हर्नियात भीती असते ती याचीच. बाहेर आलेलं आतडं त्या भोकात आवळलं जातं. त्याचा रक्तपुरवठा थांबला की ते काही तासांत सडायला लागतं. मग ऑपरेशन मोठं होतं, आणि उशीर झाला तर माणूस जातो.

मी बबनला झोपवलं, पायांकडून खाट उंच केली, दुखणं कमी करायचं इंजेक्शन दिलं आणि गार पाण्याच्या घड्या ठेवल्या. मग अगदी हलक्या हातानं दाबत बसलो. जोर करून चालत नाही, आतडं फाटतं. अर्ध्या तासानं ते गुर्रकन आत गेलं. बबन झोपला. माझा सदरा घामानं चिंब झाला होता.

"या वेळी गेलं, केरबा. पुढच्या वेळी जाईलच असं नाही."

केरबांचे डोळे भरले होते. तरी ते म्हणाले, "आन् तुमचं अडकलं तर कोण ढकलंल, सायेब?"

ते टोमणा मारत नव्हते. खरंच विचारत होते. मी त्याच दिवशी रजेचा अर्ज लिहिला.

पुण्यात माझा वर्गमित्र आगटे सर्जन होता. तीन वर्षं तो मला दटावत होता. त्यानं सोमवारी मला घेतलं आणि बुधवारी बबनसाठी जागा ठेवली. केरबा आणि बबन माझ्याबरोबरच आले होते. बबन वॉर्डात बसून राहिला. केरबा ऑपरेशनच्या खोलीबाहेर जमिनीवर बसले, हलायला तयार नाहीत. टेबलाची कड मी घट्ट धरली होती, ती सोडवून नर्सनं माझा हात धरला. सुई टोचली. पाय जड झाले, मग नाहीसेच झाले. कात्र्यांचे आवाज ऐकू येत होते. आगटे मधूनमधून कॉलेजच्या गप्पा मारत होता आणि मी 'हं, हं' म्हणत होतो. पाऊण तासात संपलं. त्या पाऊण तासात मी सगळे देव आठवून घेतले.

दुसऱ्या दिवशी केरबा खाटेच्या पायथ्याशी येऊन उभे राहिले. त्यांच्या मागं आगटे होता.

"दुखतंय का?" केरबांनी विचारलं.

आगटे मागून मान हलवून 'नाही म्हण' असं खुणावत होता. माझ्या तोंडात 'नाही' तयारच होतं. वीस दिवस ज्यासाठी खटपट केली, ते सगळं या एका उत्तरावर होतं.

"दुखतंय," मी म्हणालो. "फार दुखतंय. कुशीवर वळता येत नाही. रात्रभर डोळा लागला नाही. बबनलाही असंच दुखेल. तुम्हाला म्हणालो होतो काही दुखत नाही, ते खोटं होतं."

आगटेनं कपाळाला हात लावला. केरबा आगटेकडे वळून म्हणाले, "उद्या घ्या पोराला."

अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी मी बबनला पुन्हा तपासलं. जांघ घट्ट होती. 'फिट, काही महिने हलकं काम' असं लिहून फॉर्म लेबर ऑफिसरच्या टेबलावर ठेवला. त्यानं कॅलेंडरकडे पाहिलं आणि सही केली. त्याच वर्षी चिखलीतून आणखी पाच जण ऑपरेशनला तयार झाले. त्यांना मी समजवायला गेलो नव्हतो. केरबांनीच सांगितलं होतं.

पुढं तीस वर्षं मी या भागात प्रॅक्टिस केली. ऑपरेशनला भिणारा पेशंट आला की मी त्याला किती दिवस दुखेल, कधी कमी होईल आणि मी स्वतः किती घाबरलो होतो, हे सांगत असे. 'काही दुखत नाही' ऐकलेली माणसं उठून घरी जायची. 'चार दिवस चांगलंच दुखेल' ऐकलेली विचारायची, "मग कधी येऊ?"