तात्यांची हत्यारं आणि रिकामं पेव

फोडणीत टाकलेली मोहरी तडतडलीच नाही. तेल चांगलं तापलेलं, धूर निघालेला, आणि आवाज म्हणून नाही. आणखी चिमूटभर टाकली. टण्ण! मी पळी टाकून थेट मागच्या दारात.

काकूंनी तसंच वरण उकळून ताटात वाढलं. तात्यांनी दुसरा घास घेतला आणि चावायचे थांबले. तोंडातनं काहीतरी काढलं, धोतराला पुसलं, उजेडात धरलं आणि चेहरा असा खुलला म्हणता! "आगं, हे तर सायकलच्या पायडलचे छर्रे! कालधरनं हुडकायलोय!"

"ते मिसळणाच्या डब्यात कुणी ठेवले?" काकू.

"म्याच. त्यात कप्पे हायत की! म्हणलं, येवस्थित ऱ्हातील."

आमच्या घरात किस्से आणि हत्यारं एकाच पद्धतीनं साठली. ठेवायला जागा नाही, टाकवत नाही, आणि नको तेव्हा नेमकी पायात येतात.

तात्या म्हणजे माझे चुलते. ईट गावात आमच्या घराला लागून गोठा आहे. त्या साली दुष्काळात गुरं चारा-छावणीवर गेली, गोठा रिकामा झाला, आणि तात्यांनी लगेच तिथं वर्कशॉप काढलं. घरचं बंद इंजिन, भावकीच्या सायकली, कुणाचा स्टोव्ह, सगळं तिथं. हत्यारं मात्र घरभर. उशीखाली पक्कड, देव्हाऱ्यात करवत. छर्ऱ्यांच्या वरणानंतर काकूंनी फर्मान काढलं, "सुमे, तू बी.ए. झालीस न्हवं? लाव त्यांच्या हत्यारांना शिस्त!"

हे गावच्या विकास सोसायटीच्या चेअरमनांच्या कानावर गेलं. सोसायटीच्या गोडाऊनला स्टोअरकीपर हवा होता आणि माझा अर्ज त्यांच्याकडं पडून होता. ते म्हणाले, "पोरी, तात्याची हत्यारं जागच्या जागी लावून दाखव. म्या येऊन बगतो. मग बगू तुझ्या नोकरीचं."

"कधी येणार तुम्ही?"

"यीन की कवातरी!"

झालं! त्या दिवसापासून रस्त्यावर त्यांची फटफटी वाजली की माझ्या हातातलं खाली पडायचं.

*

पहिली आयडिया माझी. गोठ्याच्या पांढऱ्या भिंतीवर खिळे ठोकले आणि प्रत्येक हत्याराचा आकार गेरूनं काढला. ज्याची त्याची जागा! काय गेलं ते लांबूनच दिसावं.

शेजारचे किसनमामा हातोडा घेऊन गेले. हातोडा हरवला. माणूस मोठा सरळ. रिकाम्या हातानं यायची त्यांना लाज वाटली, म्हणून बदल्यात घरचा विळा घेऊन आले. पण विळा काही हातोड्याच्या चित्रात बसेना. तेव्हा त्यांनी माझाच गेरू घेतला आणि हातोड्यावर झकास विळा काढला. "घ्या! आता बसला का न्हाय?"

नेमके त्याच दुपारी चेअरमन आले. पांढरी भिंत, तिच्यावर लालभडक विळा-हातोडा! त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली.

"तात्या, पक्ष कवा बदलला?"

हत्यारं न बघताच गेले. मी रात्रीत भिंत चुन्यानं पांढरी केली.

*

मग डबे. तेलाचे, बिस्किटांचे, मिळतील तितके. ज्वारीच्या पिठाची खळ केली आणि सुंदर अक्षरात चिठ्ठ्या डकवल्या. 'वायसर', 'नट', 'बोल्ट मोठे', 'बोल्ट लहान'. वाळायला उन्हात मांडले आणि चहा घ्यायला आत गेले.

परत येते तो घरची शेळी शेवटच्या डब्याशी. दुष्काळात तिला ज्वारीचा वास कुठं सोसतोय! सगळ्या चिठ्ठ्या चाटूनपुसून फस्त.

तात्या म्हणाले, "राहू दे. घरात आणखी एक शिकल्यालं झालं!"

*

काकूंनी सुचवलं, गव्हाण मोकळीच आहे की. मलाही पटलं. लांबलचक, कमरेइतक्या उंचीची, हाताशी. पाने ओळीनं लावले, लहान ते मोठे. गंज चढू नये म्हणून करडीचं तेल चोळलं. एवढं देखणं दिसत होतं की मी दोनदा उगाच जाऊन बघून आले.

तिसऱ्यांदा गेले, तर अंधारात कुणीतरी फुस्सकन श्वास सोडला. मी किंचाळून इंजिनावर चढले! तात्या कंदील घेऊन धावत आले. बघतो तर आमची म्हैस. छावणीवरनं दावं तोडून घरी आलेली, आपल्या गव्हाणीत तोंड घालून डोळे मिटून पाने चाटत होती. एकूण एक पाना लख्ख!

काकूंनी तिच्या पाठीवरनं हात फिरवला. "बघा की, छावणीच्या कडब्यापरीस लोखंड गोड लागायलंय बिचारीला."

तात्या पाना उलटासुलटा करून बघत होते. "सुमे, हिला परत धाडू नगं. तेल तू लाव, पालिश ही करंल!"

*

शेवटी तात्यांनाच सुचलं. "पेव!"

अंगणात आमचं धान्याचं पेव आहे. जमिनीत खोल खोदलेलं, तोंड माणूस जाईल एवढं, आत ऐसपैस खोली. त्या साली त्यात दाणा नव्हता. तात्या म्हणाले, "तितं शेळी न्हाय, म्हैस न्हाय, किसन न्हाय!"

दोन दिवस तोंड उघडं ठेवलं. मग दोरीनं पेटता कंदील आत सोडला. कंदील विझला नाही, म्हणजे हवा चांगली. मी शिडीनं उतरले. खरं सांगते, अख्ख्या घरात इतकी छान जागा दुसरी नव्हती! कोरडी, थंड. भिंतीत कोनाडे कोरून घेतले. एकात पाने, एकात पकडी, एकात करवती. अंधारात हात घातला तरी हवं तेच हाती यावं.

एका सकाळची गोष्ट. मी आत शेवटचा कोनाडा लावत होते. वरून किसनमामांचा आवाज आला, "तात्या, शिडी नेतो वं!" तात्या तर बाजाराला गेलेले. शिडी सरसर वर गेली.

"मामा!" मी ओरडले. "मामा, मी आत आहे!"

मामांना एका कानानं ऐकू येत नाही. तोच कान पेवाकडं असणार.

मग काकूंना हाका मारल्या. पेवातला आवाज घुमून भलताच निघतो. वरून काकूंचं ऐकू आलं, "आगं बया! भुईतनं कोण कण्हायलंय!" आणि पळत गेलेली पावलं.

मी घाबरून इंग्रजीतसुद्धा ओरडले. "एक्सक्यूज मी! हेल्प!" कॉलेजात एवढंच तोंडी बसलेलं.

कंदिलाचं तेल संपत आलं. आणि तेवढ्यात रस्त्यावर फट-फट-फट... फट्... फुस्स. दारातच बंद पडली. चेअरमन!

मी तोंडावर हात ठेवला. ओरडावं, तर बघतील की ही बाई हत्यारांसकट खड्ड्यात अडकलीय. नोकरी गेली! न ओरडावं, तर ते परत जातील. तरीही गेलीच! वर किक मारल्याचा आवाज. परत किक. मग शिवी. मग पावलं दूर निघाली.

मी डोळे मिटले आणि होता नव्हता तेवढा जीव गोळा करून ओरडले, "कोणी आहे का वर?"

पावलं थांबली. माघारी आली. पेवाच्या तोंडावरच्या उजेडात एक टोपी डोकावली. टोपी बराच वेळ कोनाडे न्याहाळत होती.

"हाय की! आवं स्टोअरकीपरबाई, आदी फटफटीच्या पलगचा पाना द्या वर, मग तुमाला काडतो!"