अर्धा मामा आणि लाल ठिपका

चहाच्या गाळणीत पत्ती साचते ना, तसे आमच्या लॅबचे किस्से माझ्याजवळ साचले आहेत. मी सुनीता, सातवी शिकलेली. वर्ध्याच्या एका कॉलेजात झाडू-पोछा अन् चहा करते. तिथं मॅडम आणि त्यांची विद्यार्थिनी सोनल दिवसभर कॉम्प्युटरवर जाळी विणतात. कोणत्या अवयवात कोणता जीन कोणासंग काम करतो, त्याची जाळी. एक जीन म्हणजे एक ठिपका.

माझा जीव त्या जाळ्यात अडकला तो चिमूपायी. माझी पाच वर्षांची पोर, पायात जोर कमी. रिपोर्टात एक जीन बिघडलेला निघाला. डॉक्टर म्हणाले, जीन तर सगळ्या अंगात असतो. तेव्हापासून माझ्या मनात एकच. आज पाय, उद्या डोकं गेलं तर? पोरगी आकडे म्हणताना अडखळली तरी मी तिले पुन्हा एकपासून म्हणायले लावते!

*

सोनल ऑटोत मॅडमशी फोनवर बोलत होती. "हार्ट झालं मॅडम. लिव्हर सकाळपासून अडकलंय. किडनी संध्याकाळपर्यंत होईल!"

बाजूचे आजोबा उठलेच. "पोरी, तू आडवी हो. मी समोर ड्रायव्हरजवळ बसतो!"

*

जाळं एका माहितीवर बनत नाही. दहा ठिकाणची गोळा करतात, अन् मग वाद घालतात, कोणाचं किती खरं धरायचं! एकदा मी फरशी पुसता पुसता म्हटलं, "मॅडम, आमच्याकडं पोरगी पाहाच्या आधी शेजारी, दुकानदार, पोरीचा मामा, सगळ्याईले इचारतात. पण मामाचं अर्धंच धरा लागते. तो घरचाच असते!"

आता कुठली माहिती संशयाची निघाली, की सोनल ओरडते, "मॅडम, हा मामा आहे!"

*

नागपूरहून पाहुणे आले. जीन तोच, मग जाळं प्रत्येक अवयवात वेगळं कसं, हे सांगून सांगून सोनल थकली. मी चहा देत होती. राहवलं नाही.

"सर, मी माहेरी आष्टीले गेली का दहा जणींसंग बडबडते. सासरी वडनेरले मुकी! बाई तीच, संगत वेगळी."

पाहुणे म्हणाले, "यांची पीएचडी कशात?"

"सासर-माहेरात!" मॅडम म्हणाल्या.

सगळे हसले. मी मात्र ट्रे धरून उभीच. मी हे काय बोलून गेली? मग चिमूचा जीनही कुठं बोलका, कुठं मुका?

*

विचारायची हिंमत होईना. शेवटी मॅडमच म्हणाल्या, "सुनीता, एकच टेबल तिसऱ्यांदा पुसून राह्यली. काय झालं?"

मी पिशवीतून रिपोर्ट काढून त्या चकचकीत टेबलावर ठेवला.

*

शनिवारी चिमूले घेऊन गेली. मॅडमनी स्क्रीनवर दोन जाळी लावली. स्नायूंच्या जाळ्यात चिमूचा जीन लाल ठिपका, मधोमध, चहूकडून रेघाच रेघा. मेंदूच्या जाळ्यात तोच ठिपका पार कोपऱ्यात, दोनच रेघा.

"हा अंदाज आहे," मॅडमनी बजावलं. "डॉक्टरांकडे जात राहायचं. अन् यात एखादा मामा असेलच."

सोनलनं चिमूले उचलून खुर्चीवर बसवलं अन् सांगितलं, हे डोक्याचं जाळं, अन् रेघ म्हणजे बोलणं. पोरीनं कोपऱ्यातल्या लाल ठिपक्यावर बोट ठेवलं.

"याच्यासंग इथं कोणीच बोलत नाई?"

"जवळपास कोणीच नाही," मॅडम म्हणाल्या.

चिमूनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं.

"मंग तू काऊन भेते व आई?"