सेनाराच्या छपरावरच्या पाट्या

माझा भाऊ जॅगो नॅनकिव्हेल घरं शाकारायचा. आमच्या कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर पाटीच्या दगडाची छपरं असतात. वळचणीला हातभर लांब पाट्या, आणि आढ्याकडे जावं तशा त्या लहान होत जातात. शेवटच्या ओळीतली तर तळहाताएवढीच. ओकच्या खुंट्यांनी त्या रिपांवर अडकवायच्या आणि मागून चुना भरायचा. आमच्या पोर्थरेनमधली धक्क्यावरची निम्मी घरं जॅगो आणि त्याचा जोडीदार पेट्रॉक यांनी शाकारली. पेट्रॉक वर मांडायचा, जॅगो खाली अंगणात बसून पाट्या घडवायचा. त्या हातोडीची टकटक ऐकत मी लग्नाला नकार दिले, भांडी घासली, म्हातारी झाले. आता ती ऐकू येत नाही, तर सकाळ सुरू झाल्यासारखीच वाटत नाही.

पेट्रॉकचं सेनाराशी लग्न ठरलं तेव्हा दोघांनी मिळून त्याचं घर शाकारलं. चॅपलला प्रार्थनेसाठी जाताना लोक थांबून बघायचे, असं छप्पर. सेनारा जॅगोलाही आवडायची. हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. तिला ठाऊक होतं की नाही, देव जाणे. जॅगोने कधी चकार शब्द काढला नाही, आणि लग्नात सगळ्यात जास्त नाचला तोच.

पेट्रॉक न्यूमोनियाने गेला त्या हिवाळ्यात समुद्रावरच्या वाऱ्याने पाट्या हलल्या आणि सेनाराच्या माडीवर पाणी ठिबकू लागलं. गावात तेव्हा एक खूळ शिरलं होतं. छपरावर पातळ सिमेंट ओतायचं आणि झाडूने फासायचं. एकाने केलं की शेजाऱ्याने करायचंच, त्यात आमचं गाव मोठं हुशार! जॅगोने स्वतः सेनाराचं छप्पर फासून दिलं. गळती थांबली. सेनाराने केशर घातलेले बन पाठवले आणि हा आठवडाभर शीळ घालत फिरला.

पण सिमेंटखाली ओल कोंडते. वर्षं गेली, खुंट्या कुजल्या, सिमेंटच्या ओझ्याने वासे वाकले. एके दिवशी सेनारा आमच्या स्वयंपाकघरात येऊन नेहमीसारखी दाराजवळच्या खुर्चीत बसली.

"माझा पोरगा म्हणतो, सगळं उखडून फेकू आणि नकली पाट्या टाकू. पेट्रॉकच्या हातच्या आहेत रे त्या, जॅगो."

"माझ्याच हातांनी वाट लावलीय त्यांची," जॅगो म्हणाला.

"मग तुझ्याच हातांनी सोडव."

"अगं, सत्तरी आली त्याची!" मी मधे पडले. "शिडीवरून पडला तर उचलायला कोण येणार आहे?"

"टॅमसिन, तुझ्या जिभेवर घासल्या ना पाट्या, तर सिमेंट आपोआप निघेल," जॅगो म्हणाला आणि हातोडी शोधायला गेला.

उन्हाळाभर दोन गवंडी वरून पाट्या उतरवून देत होते आणि जॅगो तिच्या अंगणात छिन्नी घेऊन बसलेला. वरच्या अंगाचं सिमेंट पुरतं निघेना. पण पाटी उलटली की पोटाकडची बाजू स्वच्छ, निळीकरडी. मग सगळ्या उलट्या मांडायच्या ठरल्या. मोठ्या पाट्या वाचल्या. आढ्याजवळच्या लहान, पातळ पाट्या मात्र हातातच फुटत होत्या, आणि एवढ्या लहान पाट्या खाणीत आता कोणी काढत नाही. जॅगोचं जेवण कमी झालं. मी मांस-बटाटा भरलेली, करंजीसारखी पेस्टी पुढे ठेवायची, तो कडा तेवढ्या कुरतडायचा.

"राहू दे, जॅगो," शेवटी सेनाराच म्हणाली. "वरती टाक काहीतरी नवं. कोण बघतंय?" आणि तोंड फिरवून घरात गेली.

पुढच्या आठवड्यात मी मावसबहिणीकडे मुक्कामाला गेले. परतले तर आमच्या घराचा आढ्याखालचा अर्धा भाग पत्र्याने झाकलेला! पाट्या गायब.

"अरे मेल्या!" मी दारातूनच ओरडले. "शाकारणाऱ्याच्या घरावर पत्रे? लोक तोंडात शेण घालतील!"

"पाऊस छान वाजेल," तो म्हणाला. मला इतका राग आला की रडूच फुटलं.

तेवढ्यात सेनारा धापा टाकत आली. तिच्या छपरावर आढ्यापर्यंत लहान पाट्या बसल्या होत्या, आणि त्या कुठून आल्या ते तिला गवंड्यांनी सांगितलं होतं.

"हे काय केलंस, जॅगो? स्वतःचं घर उघडं पाडलंस?"

जॅगो खिडकीजवळ बसून चहा ढवळत होता. वर न बघता म्हणाला, "या खिडकीतून माझं छप्पर दिसत नाही, सेनारा. तुझं दिसतं."

आमच्याकडे इतकी वर्षं येत होती, पण दाराजवळची खुर्ची सोडून ती कधी आत आली नव्हती. त्या दिवशी पहिल्यांदा खिडकीशी जाऊन उभी राहिली, आणि तिच्यासाठी ओतलेला चहा पार गार झाला तरी वळली नाही.