ॲव्हरेजवाले मन्सूरभाई

चिखलीतल्या मन्सूर तांबोळींच्या गॅरेजला नाव आहे, पण ते कुणी घेत नाही. "ॲव्हरेजवाल्यांकडे जायचंय" एवढं म्हटलं, की वेल्डिंगवाल्यापासून चहाच्या टपरीवाल्यापर्यंत कुणीही हात करून गल्ली दाखवतो. गाडी पेट्रोल जास्त प्यायला लागली की लोक त्यांच्याकडे येतात. काही जण येताना पेट्रोलच्या पाइपला बांधायचं लोहचुंबक घेऊन येतात, काही टाकीत ओतायच्या औषधाची बाटली. मन्सूरभाई ती वस्तू उलटसुलट करून बघतात, परत गिऱ्हाइकाच्या हातात देतात आणि विचारतात, "टाकी फुल आहे?"

हा त्यांचा पहिला प्रश्न. टाकी काठोकाठ भरायची, किलोमीटरचा आकडा लिहून ठेवायचा, चार दिवस रोजच्यासारखी गाडी चालवायची आणि त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरायची. त्याआधी ते पान्याला हात लावत नाहीत. लोक वैतागतात. पण मन्सूरभाईंच्या मते, जे मोजलं नाही ते सुधारलं की नाही हे कळणार कसं?

मन्सूरभाईंचे वडील पिंपरीच्या कारखान्यांत जाणाऱ्या कामगारांना तासावर सायकली भाड्याने द्यायचे. चेनला तेल नसेल, चाकात हवा कमी असेल, तर माणसाची शिफ्ट सुरू व्हायच्या आधीच त्याचे पाय गळतात, हे मन्सूरभाईंनी लहानपणी दुकानात बसून पाहिलं होतं. पुढे भोसरीत हाताखाली काम शिकले, मग चिखलीत स्वतःची शेड टाकली. आता साठीला एक वर्ष कमी आहे. गुडघे कुरकुरतात, पण कान शाबूत आहेत.

मे महिन्यातल्या एका शनिवारी त्यांच्या दारात एक जुनी, उंच, पांढरी गाडी येऊन थांबली. चौदा वर्षांची, पेट्रोलची, चारही चाकांना ताकद पोचवणारी. चालवत होती स्वरूपा. चाळिशीची, चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला, राहायला रावेतला. निगडी, तळवडे करत रोज चाकणला जायची आणि त्याच वाटेने परत यायची.

"लिटरला सात देतेय," ती म्हणाली. "कधी साडेसात. आणि उपाय मला माहीत आहे काका. मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट काढून टाका. मला चाकणला जायला चार चाकांची ताकद लागत नाही, दोन पुरतात."

तिचं म्हणणं खुळेपणाचं नव्हतं. या गाडीत इंजिनची ताकद एरवी पुढच्या चाकांना मिळते. पुढची चाकं घसरली की खालच्या लांब शाफ्टमधून ताकद मागच्या चाकांनाही जाते. शाफ्ट काढला की वजन कमी, घर्षण कमी. बरेच जण काढून घेतात.

"गाडी तुमच्या नावावर आहे?" मन्सूरभाईंनी विचारलं.

"वडिलांच्या. पण चालवते मीच. ते रविवारी नेतात, माणच्या पलीकडे डोंगराकडं आमची दोन खाचरं आहेत, तिथवर. पावसाळ्यात तिथं चिखल असतो, म्हणून तर त्यांनी ही गाडी घेतली." तिने किल्ली या हातातून त्या हातात घेतली. "त्यांना सांगायची गरज नाही. ते आता सत्तरीचे आहेत. पावसाळ्यात मी त्यांना जाऊच देणार नाही."

मन्सूरभाईंनी फडक्याला हात पुसले. बराच वेळ पुसले.

"शाफ्टचं नंतर बघू," ते म्हणाले. "आधी टाकी भरून आणा."

ती गेल्यावर ते गॅरेजच्या बाकड्यावर बसून राहिले. वीस वर्षांपूर्वी हेच काम त्यांनी एकदा केलं होतं. रोहिदास नावाचं त्यांचं जुनं गिऱ्हाईक होतं, खेडकडचं. त्याच्या जीपचा पुढचा शाफ्ट त्यांनी त्याच्या सांगण्यावरून काढला. पुढची चाकं जोडायचा लिव्हर तसाच राहिला, नुसता शोभेचा. जीप लिटरमागे दीड किलोमीटर जास्त द्यायला लागली आणि रोहिदास खूश झाला. दोन महिन्यांनी, ऐन पावसात, रोहिदासचा थोरला भाऊ तीच जीप घेऊन घाटाखालच्या वस्तीवर निघाला. गाडीत रोहिदासची बायको इंदुताई होती. चढावर चाकं घसरायला लागली तेव्हा भावाने लिव्हर टाकला. त्याला वाटलं, आता पुढची चाकं ओढतील. ती ओढणार कशी? जीप मागे घसरत गेली आणि रस्त्यालगतच्या उभ्या कड्यावर आदळली. भावाला खरचटलं. इंदुताईंच्या खुब्याचं हाड मोडलं, आणि त्या कायमच्या लंगडत राहिल्या.

रोहिदासने मन्सूरभाईंना एका शब्दाने दोष दिला नाही. "मीच काढायला लावला, भाऊ," एवढंच म्हणाला. मन्सूरभाई भेटायला गेले तेव्हा इंदुताई खाटेवर होत्या. त्या रागावल्या नाहीत, रडल्याही नाहीत. म्हणाल्या, "गाडीत काय न्हाई ते कुणी मला सांगितलं असतं, तर मी चालत गेले असते."

ते वाक्य मन्सूरभाईंच्या मनात रुतून बसलं. त्यांनी शाफ्ट काढायचं बंद केलं असं नाही. पण गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असल्याशिवाय काढायचा नाही, हे त्या दिवशी ठरलं. हे ते कुणाला सांगत बसत नाहीत. नुसतं "नंतर बघू" म्हणतात.

पुढच्या शनिवारी स्वरूपा आली ती आकडा घेऊन. लिटरला सात पूर्णांक चार.

"चला, एक चक्कर मारू," मन्सूरभाई म्हणाले आणि तिच्या शेजारी बसले.

स्पाइन रोडने तळवड्यापर्यंत जाऊन ते परत आले. मन्सूरभाई नुसते बघत होते. पुढच्या टेम्पोमागे जरा फट दिसली की स्वरूपा पाय दाबायची आणि लगेच ब्रेक मारायची. सिग्नलला एसी चालू ठेवून गाडी उभी. इंजिनच्या तापमानाचा काटा तेवढ्या वेळात अर्ध्यापर्यंत चढायला हवा होता, तो पाव भागावरच घुटमळत होता. गॅरेजशी उतरल्यावर मन्सूरभाईंनी चारही चाकांच्या मधोमध बोट टेकवून बघितलं. मागच्या डाव्या चाकाशी बोट टेकवलं आणि झटकन मागे घेतलं.

"हात लावून बघा. जपून."

स्वरूपाने लावला. "भाजतंय."

"ब्रेक सुटत नाहीये. तुम्ही पुढं जाताय आणि हे चाक मागं ओढतंय. रोज, चाकणपर्यंत."

मग त्यांनी शिंप्याची टेप आणली आणि टायरच्या घेराला गुंडाळली. मागचे दोन टायर नवे होते, पुढचे दोन झिजलेले. घेरात तीन सेंटिमीटरचा फरक भरला.

"तीन सेंटिमीटरनं काय होतं?" स्वरूपाने विचारलं. "आमच्याकडं तीन मायक्रॉनला पार्ट परत पाठवतात, पण हे टायर आहेत."

"साध्या गाडीला फार नाही होत. हिला होतं. लहान चाक जास्त फेरे मारतं. गाडीला वाटतं, पुढची चाकं घसरतायत. मग ती मागच्या चाकांना कामाला लावते. कोरड्या रस्त्यावर, दिवसभर. तुम्हाला वाटतंय शाफ्ट पेट्रोल खातोय. अहो, त्याला विनाकारण उठवून ठेवलंय."

स्वरूपा हसली नाही, पण तिने खिशातला मोबाईल काढून त्या टेपचा फोटो घेतला. तिच्या कामाची भाषा होती ती. मोजमाप चुकलं की सगळं चुकतं.

"आता डिकी उघडा," मन्सूरभाई म्हणाले.

डिकीत फावडं होतं, टिकाव होता, कुऱ्हाड, दोन घमेली, जाड दोरखंडाची दोन वेटोळी, ताडपत्री, खताची अर्धी गोणी आणि पाण्याचे तीन कॅन. टपावर लोखंडी कॅरिअर होतं. सगळं मिळून सत्तर-ऐंशी किलोच्या घरात.

"हे बाबांचं आहे. याला हात लावला तर घरात भांडण होतं."

"मग बाबांनाच आणा."

स्वरूपाचे वडील, चिमाजी, दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर आले. पांढरा सदरा, टोपी, ताठ पाठ. आयटी पार्क वाढत गेला तशी माणची त्यांची बरीचशी जमीन त्यात गेली. पैसे मिळाले, रावेतला फ्लॅट झाला, आणि राहिली ती डोंगराकडची दोन खाचरं. आल्या आल्या त्यांनी गाडीभोवती चक्कर मारली. कुणाच्या गोठ्यात बांधलेला आपला बैल बघावा, तशी.

"काय झालंय हिला?"

मन्सूरभाईंनी ब्रेक, टायर, बिघडून उघडीच राहिलेली आणि इंजिन तापू न देणारी झडप, गार इंजिन पेट्रोल जास्त कसं पितं, सगळं समजावलं. मग स्वरूपाकडे पाहिलं. सांगणं तिचं होतं. ती खाली बघत म्हणाली, "बाबा, मी मागचा शाफ्ट काढून टाका म्हणाले होते. तुम्हाला न सांगता."

चिमाजींनी वाकून गाडीखाली पाहिलं. 

"आन मी खाचरावर गेलो असतो तर?"

"मी जाऊ दिलं नसतं."

"तू कंपनीत असतीस. मी किल्ली घेऊन गेलो असतो. तुला ठावं हाय ते."

स्वरूपाला ठाऊक होतं. 

मन्सूरभाई मध्ये पडले ते डिकीच्या निमित्ताने. "चिमाजीअण्णा, हे सामान कशाला वागवता रोज? चाकणला फावडं काय करायचंय?"

"लागतं."

"खाचरावर लागतं. तिथं ठेवायला जागा नाही?"

"हाय की. छप्पर हाय." चिमाजींनी फावड्याच्या दांड्यावरून हात फिरवला. "घरात ठेवलं आसतं, पर फ्लॅटमदी कुठं ठिवायचं? बाल्कनीत ठिवलं तर सोसायटीवालं म्हणत्यात, हे काय ठिवलंय. गाडीत आसलं म्हंजी वाटतं, आपलं कायतरी हाय अजून."

स्वरूपाने वडिलांकडे पाहिलं. दोन वर्षं ती त्या फावड्याच्या खडखडाटावर चिडत आली होती. तो खडखडाट काय सांगतोय, हे तिने कधी ऐकलं नव्हतं.

"छपराला कुलूप लावू," ती म्हणाली. "चांगलं मोठं. किल्ली तुमच्याकडे."

"व्हय," चिमाजी म्हणाले. "मग चालंल."

काम आठवडाभर चाललं. मन्सूरभाईंनी ब्रेक खोलून साफ केला, गंजलेली पिन बदलली, झडप नवी बसवली, एकाच मापाचे चार टायर घालून चाकांचं अलाइनमेंट करून घेतलं आणि कॅरिअर उतरवलं. हवा कंपनीने दरवाज्यावर लिहिली होती तेवढीच भरली, एक पॉइंटही जास्त नाही. शाफ्टला हात लावला नाही. किल्ली देताना स्वरूपाला म्हणाले, "आता राहिला तुमचा उजवा पाय. पुढं सिग्नल लाल दिसतोय, तर तिथपर्यंत पळत कशाला जायचं? आधीच पाय उचला. थांबायचंच आहे."

चार टाक्या भरून झाल्यावर तिचा फोन आला. दहा पूर्णांक एक.

मन्सूरभाईंना आनंद झाला. तिच्या आवाजात मात्र तो नव्हता. "मला वाटलं होतं तेरा-चौदा देईल. नेटवर लोक लिहितात."

"लिहू देत. एवढ्या वजनाची गाडी, चाकणचा ट्रॅफिक. यापुढं मी काही केलं तर ते तुम्हाला फसवणं होईल." पुढचं वाक्य आपल्या धंद्याच्या मुळावर येणारं आहे हे त्यांना समजत होतं. "अजून एक उपाय आहे. तुमच्या कंपनीची बस येते ना रावेतला?"

"येते. पावणेसातला. फार लवकर पडते."

"आठवड्यातले तीन दिवस बसने जा. त्या तीन दिवसांचं ॲव्हरेज कुठल्याच गाडीला जमणार नाही."

स्वरूपाने "बघते" म्हणून फोन ठेवला. तिला राग आला असावा, असं मन्सूरभाईंना वाटलं. रात्री जेवताना त्यांनी खातूनबीला, म्हणजे बायकोला, हे सांगितलं. ती म्हणाली, "गिऱ्हाइकाला बसमध्ये बसवून पाठवणारा मेकॅनिक मी आजवर बघितला नाही." आणि त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

राग आला होता की नाही ते त्यांना पुढे कधी कळलं नाही. पण जुलैपासून स्वरूपा सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी बसने जायला लागली. बसमध्ये चाळीस मिनिटं झोप मिळते, हे तिला तिथे गेल्यावर समजलं. रविवारी ती वडिलांना एकटं सोडत नव्हती, स्वतः गाडी घेऊन जात होती. भातलावणीच्या दिवसांत पंधरा वर्षांनी पहिल्यांदा तिने चिखलात पाय घातला आणि दुसऱ्या दिवशी कंपनीत तिला नीट बसवेना.

नोव्हेंबरात चिमाजी एकटेच रिक्षाने गॅरेजवर आले. हातात खाचरातल्या इंद्रायणी तांदळाची पिशवी होती. तांदूळ नवा, अजून कोंड्याचा वास असलेला. मन्सूरभाईंनी खुर्ची पुढे केली, चहा सांगितला.

"गाडी कशी आहे, अण्णा?"

"बरी हाय. पोरगी चालवती." चिमाजींनी बशीत चहा ओतला. "आधी लई दामटायची. आता हळू चालवती. मग बोलती पन वाटंत."

"काय बोलते?"

"काय बी. तिच्या कंपनीतलं. मला काय कळत न्हाई त्यातलं." त्यांनी बशी रिकामी केली आणि खाली ठेवली. "पर ती सांगती, मी ऐकतो."

मन्सूरभाईंनी पिशवीचं तोंड सैल करून मूठभर तांदूळ तळहातावर घेतला. बोटांना ग्रीस लागलं होतं, ते दाण्यांना लागू नये म्हणून त्यांनी तो हळूच परत सोडला, आणि पिशवी आत नेऊन उंच फळीवर ठेवली.