गाडीखालचा श्याम

सुहासिनी पिंपळे गुरवच्या एका शाळेत भूगोल शिकवते. घाबरट म्हणून ती घरात प्रसिद्ध आहे. घराबाहेर पडल्यावर गॅस बंद केलाय का, हे बघायला ती अर्ध्या वाटेवरून परत येते. तिचे वडील भोसरीच्या एका कारखान्यात प्रेसवर होते. ती तिसरीत असताना त्यांची दोन बोटं मशीनमध्ये गेली. तेव्हापासून शिफ्ट संपवून ते दारात आले की ती त्यांच्या तोंडाकडे बघायच्या आधी हातांकडे बघायची.

नवरा श्याम अगदी उलट. चाकणच्या कंपनीत तो गिअरबॉक्सच्या असेंब्लीवर इंजिनिअर आहे, आणि ‘काही होत नाही गं’ हे त्याचं ठरलेलं वाक्य. पन्नाशी ओलांडल्यावर त्याने एक जुनी परदेशी स्पोर्ट्स कार घेतली. दोनच सीट, मागच्या चाकांच्या जोरावर पळणारी, आणि इतकी बुटकी की सुहासिनीला आत बसताना जमिनीवर बसल्यासारखं वाटायचं. थंडीच्या सकाळी दुसरा गिअर टाकताना गाडी करकरायची. गिअर ऑइल जुनं झालंय, ते आपण घरीच बदलू, असं श्यामने ठरवलं. कंपनीत रोज गिअरबॉक्स हाताळणाऱ्याने गॅरेजला कशाला जायचं, असं त्याचं म्हणणं होतं.

रविवारी सकाळी त्याने अंगणात जॅकने गाडी उचलली आणि चार कोपऱ्यांना चार लोखंडी स्टँड लावले. ऑइल भरताना गाडी सपाट हवी, म्हणून चारही बाजूंनी उचलायची, हे त्याने तिला समजावून सांगितलं. तिने विचारलं, खालचे पेव्हर ब्लॉक एवढं वजन झेलतील का. तो हसला आणि पाठीवर सरपटत गाडीखाली गेला. बाहेर फक्त त्याचे पाय दिसत होते. ती भाजी निवडायला पायरीवर बसली. आत जाऊन काम करणं तिला जमलंच नसतं.

सगळं नीट चाललं होतं. आधी त्याने वरचा, ऑइल भरायचा बोल्ट सैल करून पाहिला. तो उघडतोय याची खात्री झाल्यावर खालचा काढला. काळपट ऑइल ट्रेमध्ये पडू लागलं. त्याचा उग्र वास तिच्यापर्यंत आला.

मग ब्लॉकखालून भुसभुशीत आवाज आला. तिथून पाण्याची पाइपलाइन जायची, ती कधीपासून झिरपत होती कोण जाणे. मागचा डावा स्टँड एका बाजूने जमिनीत गेला आणि गाडीचा तो कोपरा खाली बसला. श्यामचे पाय एकदम ताणले गेले. तो ओरडला नाही. त्याचं न ओरडणंच तिला जास्त भयंकर वाटलं.

“श्याम!”

“छातीवर आलीये,” तो म्हणाला. आवाज चपटा येत होता. “जॅक आण. मागून. दोन चाकांच्या मध्ये लोखंडी गोळा आहे, त्याच्याखाली.”

तिने जॅक ओढत नेला. आडवी पडून गोळा शोधला, जॅक त्याच्याखाली सरकवला आणि दांडा मारायला लागली. दांडा खालीवर होत होता, गाडी हलत नव्हती. आपलं काय चुकतंय हे तिला कळेना. गाडीखालून श्वासाचे बारीक, तोकडे आवाज येत होते.

तेवढ्यात शेजारचे किसनराव धावत आले, मागोमाग आणखी तिघं. किसनराव इथले मूळचे, या जागेवर त्यांच्या वडिलांचा ऊस असायचा. त्यांनी बाह्या सारल्या.

“वैनी, सरा बाजूला. आमी चौघं हाय. उचलतो गाडी.”

तिने पलीकडे पाहिलं. उजवीकडचे दोन्ही स्टँड तिरके झाले होते. इकडून गाडी उचलली असती तर ती तिकडून घसरली असती.

“हात लावू नका,” ती म्हणाली. आयुष्यात कधी वडीलधाऱ्या माणसाशी असं बोलल्याचं तिला आठवत नव्हतं. “लाकडं आणा. जाड.”

किसनराव क्षणभर थबकले आणि लाकडं आणायला पळाले.

“दांडा उजवीकडे पीळ,” आतून श्याम म्हणाला. “घट्ट. जॅकची झडप बंद झाली की मार.”

तिने पिळला. पुढच्या फटक्याला गाडी करकरत हलली. किसनराव परत आले होते. गाडी जसजशी वर आली तसतसे ते खाली ओंडके सारत गेले. मग चौघांनी श्यामला पाय धरून बाहेर ओढलं. त्याचा शर्ट ऑइलने भिजला होता, चेहरा पांढरा पडला होता. दोन बरगड्यांना चीर गेली होती. तेवढ्यावर निभावलं, असं डॉक्टर म्हणाले.

बरगड्या भरून आल्या. गाडी मात्र तशीच उभी होती, रिकाम्या गिअरबॉक्सची. एका सकाळी श्यामने किसनरावांच्या पक्क्या कोब्यावर ती ढकलत नेली आणि जाड ओंडक्यांवर चढवली. मग चटई अंथरून आडवा झाला. सुहासिनी जवळच उभी होती. त्याचं डोकं गाडीच्या कडेपर्यंत गेलं आणि तिथेच थांबलं. थोड्या वेळाने तो उठून बसला आणि पाना पुसू लागला. पाना स्वच्छच होता.

ती चटईवर त्याच्याशेजारी बसली.

“तुला रोज असं होतं?” त्याने विचारलं.

“रोज नाही,” ती म्हणाली. “पण बऱ्याचदा.”

“आणि मी हसायचो.”

तिने फोन काढून चिखलीच्या एका गॅरेजला गाडी उचलून न्यायला सांगितलं. दुपारी ट्रक आला. साखळीने ओढत गाडी वर चढवताना ती जराशी मागे घसरली, आणि नवराबायको दोघंही एकाच वेळी भिंतीपर्यंत मागे सरली. ट्रकवाला त्यांच्याकडे बघून म्हणाला, काही होत नाही. श्यामने नुसती मान हलवली. सुहासिनीने मात्र ट्रकवाल्याला साखळी आणखी एकदा तपासायला लावली.