टॅबमधली नळयोजना

आनंदराव रांजणगावच्या कंपनीत मेंटेनन्सला होते. मशिनी ते कितपत दुरुस्त करायचे ते मशिनींनाच ठाऊक, पण टॅबवर त्यांचे डायग्राम झकास काढायचे. निवृत्त होऊन यवतजवळच्या आमच्या गावी परतले, ते पेनाचा टॅब घेऊनच.

त्यातल्या नोट्सच्या ॲपमध्ये वाकडा गोल काढून पेन क्षणभर टेकवून ठेवलं, की गोल आपोआप नीट होतो. एवढ्या भांडवलावर हा माणूस गावचा इंजिनिअर झाला. कुकरची शिट्टी होत नाही असं बायकोनं, राजश्रीवहिनींनी सांगितलं, तर त्यांनी वाफेच्या वाटेचा डायग्राम काढला, लाल बाणांसकट. डाळ कच्चीच राहिली. वहिनींनी शेवटी शेजारणीचा कुकर आणला.

अशा माणसाच्या हाती पंचायतीनं नळयोजनेचा डायग्राम सोपवला. गावानं अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय! ग्रामसभेत त्यांनी तो टीव्हीवर लावला. टाकीपासून निघालेली निळी रेघ गल्लोगल्ली फिरून ओढ्यापलीकडच्या बौद्धवस्तीपर्यंत पोचली होती. वस्तीतल्या बायकांची हापशावरची पायपीट संपणार म्हणून टाळ्या पडल्या.

चर खणला, पाईप पडले आणि काम ओढ्याच्या अलीकडंच थांबलं. ठेकेदार म्हणाला, "मला धाडलेल्या डायग्रामात पुढं काहीच न्हाई."

वस्तीतली अपेक्षा दौंडला बँकेत नोकरीला आहे. काम थांबल्याचं कळल्यावर ती गाडीवरून उतरली ती थेट आनंदरावांच्या ओसरीवर. मागोमाग आम्ही सगळे. आनंदरावांनी टॅब उघडला आणि ते हसले.

"ह्यात थर असत्यात, पोरी. काचंवर काच ठेवल्यागत. वस्तीचा थर येगळा केला व्हता. धाडताना तेवढा बंद ऱ्हायला. एवढंच!"

"आमचाच येगळा कशापायी, काका?"

"सोयीसाठी गं."

अपेक्षानं स्क्रीनवर बोट ठेवलं. एक निळी रेघ गाव सोडून, दोन शेतं ओलांडून आनंदरावांच्या मळ्यातल्या गोठ्यापर्यंत गेली होती.

"आन् तुमचा गोठा कुठल्या थरात हाय?"

"गावाच्या," आनंदराव बोलून गेले.

"म्हंजी तुमच्या म्हशी गावात, आन् आमी न्हाई?"

मला तर असा संताप आला की तो टॅब उचलून विहिरीत टाकावा. आनंदराव पेनाचं टोक पुसत बसले.

गोठ्याकडं गेलेले पाईप वस्तीतल्या बायाबाप्यांनी त्याच दिवशी उकरून काढले आणि ओढ्यापलीकडं नेले. ठेकेदारानं मुकाट जोडून दिले. वस्तीत पाणी आलं. आनंदरावांनी अजून कुणाची माफी मागितलेली नाही. म्हशींना पाणी कमी पडतं, त्यामुळं दूध घटलं, असं ते येईल त्याला सांगतात आणि टॅबवर आलेख दाखवतात.