खंडेनवमीला फुटलेला हिरा

माझा दोस्त दत्ता गेल्याचा फोन आला तेव्हा मी घनसावंगीच्या जीपमध्ये होतो. आत बावीस माणसं, तेविसावा मी, कुणाच्या मांडीवर ते आठवत नाही. रडू यायच्या आधी हसूच आलं... कारण आठ वर्षांपूर्वी याच जीपमध्ये दत्तानं मला आणि त्याच्या वडलांना, आबांना, आपलं सगळं संशोधन शिकवलं होतं. "मोकळ्या जीपमध्ये जो तो एकेक शीट धरून बसतो. चेपलं की दोघं-दोघं. लोखंडाच्या फ्लोराइडमधले, म्हणजे एका मिठातले, इलेक्ट्रॉन बिलकुल तसेच. एकेकटे असले तर चुंबकपणा, दाबून जोड्या लावल्या की तो गुल!"

"अन् दाब काढला की?" आबांनी विचारलं.

"मंग पुन्हा पहिल्यासारखं."

"हे मिठाचं झालं. तुझं हत्यार कुठंय?"

आबांनी एका हातानं बाभूळ उपटलेली मी पाहिली आहे. ज्याला हत्यार नाही त्याला काम नाही, हा त्यांचा हिशेब. प्राध्यापक झाला तरी पोरगा त्यांच्या लेखी रिकामाच. दत्तानं खिशातून पोलादाची डबी काढली, सुपारीच्या डबीएवढी. चार स्क्रू, आत समोरासमोर दोन हिरे, मधे दाबून धरलेला फ्लोराइडचा कण. सुट्टीनंतर तो तसाच दुसऱ्या प्रयोगशाळेत न्यायचा होता.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. कुंभार पिंपळगावला आबांच्या ओसरीवर कोयता, कुदळ, पांभर आणि त्यांच्या ओळीत ती डबी, हळदकुंकू लावून. दत्ता इतका फुगला होता की दारातून आत जाईना. कसाबसा चहाला गेला, तेवढ्यात आबांनी पकड उचलली. अवजाराचा स्क्रू दिसला की आवळायचाच, हा त्यांचा जन्माचा धर्म.

कट्ट!

आवाजानं जुन्या जालन्यातली कबुतरं उडाली म्हणतात. हिरा तडकला, वर्षाची मेहनत गेली. आबा पकड धोतराला पुसू लागले. "ढिल्ला वाटला रे मला..."

दत्ता धावत बाहेर आला, भिंग लावून डबीत बघितलं. मग म्हणाला, "आबा, हिरा फोडलात! आमच्या लॅबात एवढा दाब आजवर कुणाला जमला न्हाई." थापा मारण्यात मी त्याचा गुरू, पण त्या दिवशी चेल्यानं मला हरवलं. तेव्हापासून आबा गावभर सांगायचे, "आम्हा बापलेकाचं एकच काम. दाबायचं!"

यंदा त्या घरी सण नव्हता. तरी खंडेनवमीला गेलो. आबा ओसरीवर, मांडीत दत्तानं तेव्हा त्यांच्यापाशीच ठेवलेली ती डबी, हातात तीच पकड.

"आबा, आता काय आवळताय?"

"आवळत न्हाई रे." एकेक स्क्रू ते सावकाश सैल करत होते. "दाब काढला की पहिल्यासारखं होतं, म्हणाल्ता ना तो?"

भिंग आणतो म्हणून मी आत गेलो. ते बराच वेळ सापडलं नाही.